नवी बिल्डिंग, जुनी कुलपं?

वर्कशॉपमागच्या मैदानावर कॉलम उभे राहिलेत. तिथे म्हणे 'आंतरविद्याशाखीय विज्ञान व संशोधन केंद्र' होणार. (एका दमात म्हणून दाखवा, आपल्याकडून एक कटिंग!) आनंदच आहे. पण परवा नोटीस बोर्डावर प्लॅन बघितला आणि आनंद जरा ओसरला. तळमजला मेकॅनिकल, पहिला ई अँड टीसी, दुसरा कॉम्प्युटर, तिसऱ्यावर फिजिक्स-केमिस्ट्री. मग यात 'आंतर' कुठंय? फक्त जिन्यात?

मागच्या सेमला आम्हाला प्रोजेक्टसाठी पंपाच्या बेअरिंगची कंपनं मोजायची होती. चालू ऑसिलोस्कोप आमच्याकडे नव्हता, समोरच्या ई अँड टीसीत होते. मधे फक्त एक रस्ता. अर्ज, गाईडची सही, आमच्या एचओडींची सही, मग त्यांच्या एचओडींची... नऊ दिवस गेले. मोजमाप झालं पंचवीस मिनिटांत! यात लॅबवाल्या काकांचा दोष नाही. डेड स्टॉक रजिस्टरवर सही त्यांची. वस्तू मोडली तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. त्यांच्या जागी मीही कुलूपच लावलं असतं.

आता एमआयटीची गोष्ट (पुण्याची नव्हे, अमेरिकेतली). तिथे १९४३ साली युद्धाच्या घाईत रडारच्या कामासाठी लाकडाची तीन मजली इमारत बांधली, 'बिल्डिंग २०'. युद्ध संपल्यावर सहा महिन्यांत पाडायची होती. पाडली १९९८ साली! उन्हाळ्यात उकाडा, हिवाळ्यात गारठा, दिसायला गोडाऊन. पण तिच्यात भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की बसायचे, अणुघड्याळावर काम चालायचं, ध्वनिशास्त्राची लॅब होती आणि रेल्वेची मॉडेल्स बनवणारा विद्यार्थ्यांचा क्लबसुद्धा होता. कॉम्प्युटरवाल्यांनो, 'हॅकर' हा तुमचा लाडका शब्द याच क्लबातून पुढे आला. इमारत तात्पुरती, म्हणून भिंत पाडायला, वायर ओढायला कुणी परवानगीची वाट बघत नसे. अणुघड्याळाचं यंत्र मावेना, तेव्हा झकारियास यांनी चक्क वरची जमीन कापून घेतली!

याच एमआयटीतल्या टॉम ॲलन यांनी इंजिनियर एकमेकांशी कामाचं किती बोलतात, ते मोजलं. त्यांचं पुस्तक १९७७ साली आलं. निष्कर्ष साधा आहे : बसण्याच्या जागांतलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने घटतं, पन्नासेक मीटरपुढे जवळजवळ संपतं. आपल्याकडे हा ग्राफ काढायचा तर एक्स-अक्षावर मीटरऐवजी सह्या घ्याव्या लागतील.

याचा अर्थ आम्हाला पडकी बिल्डिंग द्या असा नाही हं! मागणं एवढंच की मजले ब्रँचला वाटू नका, कामाला वाटा. मोजमापाची उपकरणं एका मजल्यावर, जोडणी-वेल्डिंग तळाला, कॉम्प्युटर वर. या सगळ्याचं डेड स्टॉक रजिस्टर केंद्राच्या नावाने वेगळं ठेवा, म्हणजे कुणा एका काकांच्या मानेवर सुरी नको. आणि रात्री अकरापर्यंत उघडं ठेवा. हॉस्टेलवाल्यांचा दिवस साडेपाचनंतरच सुरू होतो, हे रेक्टर सरांनाही ठाऊक आहे.

'पोरं मोडतील, उचलून नेतील' ही भीती खोटी नाही. त्यावर लॉगबुक ठेवा, डिपॉझिट घ्या, टी.ई.-बी.ई.च्या मुलामुलींच्या ड्युट्या लावा. काही उपकरणं मोडतीलच. पण वापरून मोडलेला ऑसिलोस्कोप काहीतरी शिकवून जातो. कपाटात म्हातारा झालेला काय शिकवणार?

मी यंदा पास आऊट होईन (होईन ना?), म्हणजे ही बिल्डिंग काही माझ्या वाट्याला येत नाही. पण आत्ता एफ.ई.ला असलेल्यांनो, अजून फक्त कॉलमच उभे आहेत, भिंती यायच्या आहेत. जिमखान्याच्या पुढच्या मीटिंगला हा विषय काढा. कोनशिलेवर नाव कुणाचंही असू दे, किल्ली कुणाकडे राहणार ते मात्र आत्ताच विचारून घ्या.

– बी.ई. (मेकॅनिकल)