वसुली ऑनलाइन, दिलासा कागदावर

गाझियाबादचे वैशाली हे उपनगर दिल्लीच्या हद्दीला खेटून आहे. तिथल्या सेक्टर तीनमधील आयकर भवनाची पायरी चढलेला माणूस महाराष्ट्रात विरळाच. तरीही परभणीच्या शिक्षकाच्या पगारातून कापलेला कर, साताऱ्यातल्या सहकारी बँकेने ठेवीच्या व्याजातून कापलेला कर आणि ठाण्यातल्या कंपनीने कंत्राटदाराच्या बिलातून वळता केलेला कर या साऱ्यांचा हिशेब याच भवनात जुळतो किंवा फिसकटतो. ‘टीडीएस’ची, म्हणजे उगमस्थानी कापलेल्या कराची, विवरणपत्रे तपासणारे देशाचे केंद्र तिथे आहे. विवरणपत्र ऑनलाइनच भरा, हा दंडक आता अंगवळणी पडला आहे आणि त्याबद्दल आमची तक्रारही नाही. तक्रार वेगळी आहे. करदात्याकडून वसूल करायचे असेल तेव्हा कायद्याचे प्रत्येक कलम संगणकात चपखल बसते आणि करदात्याला वाचवणारे कलम मात्र फायलीत पडून राहते.

ही सक्ती एका रात्रीत आली नाही. टीडीएसच्या ई-विवरणपत्रांची योजना २००३ सालची. कंपन्यांची प्राप्तिकर विवरणपत्रे २००६-०७ या आकारणी वर्षापासून ऑनलाइन झाली. २०१२-१३ मध्ये दहा लाखांवर उत्पन्न असलेल्या व्यक्तींची पाळी आली, पुढच्याच वर्षी ही मर्यादा पाच लाखांवर उतरली आणि २०१९-२० पासून जवळपास सगळेच या जाळ्यात आले. कागदी अर्जाची मुभा उरली ती साधी विवरणपत्रे भरणाऱ्या ८० वर्षांपुढील वृद्धांना. यातून भले झाले हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जुलैअखेरच्या रांगा संपल्या, परताव्याचा धनादेश ‘काढून देण्याचा’ दर संपला, आणि महिनोन्‌महिने अडणारा परतावा आता बहुतेकांच्या खात्यात काही आठवड्यांत येतो. २०२४ च्या ३१ जुलैपर्यंत ७ कोटी २८ लाख विवरणपत्रे दाखल झाली. कागदावर हा डोंगर उपसणे कोणत्याही खात्याला जमले नसते.

अडचण सुरू होते ती दोन यंत्रांच्या संवादात. व्यक्तीचे विवरणपत्र तपासले जाते बेंगळुरूच्या केंद्रात, आणि तिचा कर कापला गेला की नाही याची साक्ष असते गाझियाबादची. बेंगळुरू त्या साक्षीपलीकडे पाहत नाही. आता ही साक्ष तयार कशी होते ते पाहा. तालुक्याच्या कार्यालयातला एक लिपिक दर तिमाहीला शेदीडशे कर्मचाऱ्यांचे पॅन, पगार आणि कापलेला कर संगणकात भरतो किंवा बाहेरच्या माणसाकडून भरून घेतो. पाच अक्षरे, चार अंक, पुन्हा एक अक्षर अशी पॅनची घडण. अक्षराच्या जागी अंक पडला तर संगणक लगेच अडवतो, पण अंकांची अदलाबदल झाली तर घडण तीच राहते. तो पॅन कोणाचाच नसेल तर २० टक्के दराने कर का कापला नाही, म्हणून कार्यालयाच्या नावे मागणी निघते. तो दुसऱ्या कोणाचा निघाला तर आणखी पंचाईत. आपल्या शिक्षकाचा कर भलत्याच्याच खात्यावर जमा दिसतो आणि कुठेही धोक्याची घंटा वाजत नाही. सरकारी कार्यालयाचा कर कोषागारातून पुस्तकी नोंदीने जमा होतो. तिथे कोषागाराच्या विवरणातला त्या नोंदीचा ‘बिन’ हा ओळख क्रमांक कार्यालयाच्या विवरणपत्राशी जुळला नाही, तरी परिणाम तोच.

शिक्षकाच्या हाती पगारपत्रक असते आणि त्यावर कपात छापलेली असते. पण त्याच्या नावावर जमा कर दाखवणाऱ्या २६एएस या विवरणात ती दिसत नाही, म्हणून तोच कर पुन्हा भरा, वर व्याज द्या, अशी सूचना येते. दुरुस्ती तो स्वतः करू शकत नाही. ती ज्याने चूक केली त्यानेच करायची. त्यासाठी कार्यालयाने ‘ट्रेसेस’ या संकेतस्थळावर जायचे, मूळ विवरणपत्राचा टोकन क्रमांक, चलनाचा तपशील आणि पॅन-रकमेच्या जोड्या देऊन ओळख पटवायची, जुनी फाइल उतरवून घ्यायची, सुधारायची आणि पुन्हा चढवायची. दरम्यान त्या लिपिकाची बदली झालेली असते, पासवर्ड गेलेल्या साहेबांच्या मोबाइलवर असतो आणि बाहेरचा माणूस जुन्या कामाचे वेगळे पैसे मागतो.

या शिक्षकाला कायद्याने उघड्यावर सोडलेले नाही, आणि इथेच खरी गोम आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम २०५ स्पष्ट सांगते, की उगमस्थानी कर कापला गेला असेल तर तेवढा कर त्या व्यक्तीकडे पुन्हा मागता येणार नाही. मालकाने तो सरकारजमा केला नाही तर खात्याने मालकाची मानगूट धरावी, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्येच दिला. किंगफिशर विमान कंपनीने वैमानिकांच्या पगारातून कर कापला आणि भरला नाही, तेव्हा गुजरात उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हेच बजावले. दिल्ली उच्च न्यायालयाने तर एका सनदी लेखापालाच्या पत्राचीच याचिका करून घेतली आणि २०१३ मध्ये खात्याची झाडाझडती घेतली. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही १ जून २०१५ रोजी अधिकाऱ्यांना लिहिले, की अशा प्रकरणांत सक्तीची वसुली करू नका. तरी बेंगळुरूचे यंत्र मागणी काढतच राहते आणि पुढच्या वर्षीच्या परताव्यातून ती वळतीही करते. असे वळते करणे ही आडमार्गाने केलेली वसुलीच आहे, हे दिल्ली उच्च न्यायालयाला २०२३ मध्ये पुन्हा सांगावे लागले. कायदा, निकाल आणि मंडळाचे पत्र असे सगळे हाताशी असताना नागरिकाने न्यायालयात जायचे, तेही पाचपंचवीस हजारांसाठी!

याउलट कलम २३४ई पाहा. १ जुलै २०१२ पासून टीडीएसचे विवरणपत्र उशिरा भरले तर दिवसाला २०० रुपये शुल्क लागू झाले. विवरणपत्र तपासतानाच हे शुल्क आकारण्याची स्पष्ट तरतूद कलम २००एमध्ये आली ती १ जून २०१५ पासून. गाझियाबादच्या नोटिसा मात्र त्याआधीच धडकू लागल्या होत्या. आधीची आकारणी बेकायदा असे कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले, तर गुजरातने पुढच्या वर्षी उलट कौल दिला. वसुलीच्या बाबतीत यंत्र कायद्याच्याही पुढे धावले आणि बचावाच्या बाबतीत सहा दशके जुने कलमही त्याला अजून ठाऊक नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे शुल्क घटनात्मक ठरवले, ते उशिरामुळे खात्यावर जादा कामाचा भार पडतो या कारणासाठी. तर्क मान्य. मग खात्याच्या चुकीच्या मागणीमुळे शिक्षकावर जो भार पडतो, त्याचे शुल्क कोणी द्यायचे? करदात्याने थकवले तर महिना एक टक्का व्याज आणि खात्याने परतावा थकवला तर अर्धा टक्का, हा हिशेबही इथे आठवतो.

या शुल्काचा फटका फक्त कार्यालयांना बसत नाही. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचे घर घेणाऱ्याने विक्रेत्याला पैसे देताना एक टक्का कापून तो २६क्यूबी या ऑनलाइन अर्जासह भरायचा, असा नियम जून २०१३ पासून आहे. पुण्यात वा ठाण्यात ६० लाखांची सदनिका घेणारा माणूस कर्ज, मुद्रांक शुल्क आणि बिल्डरचा तगादा यांत बुडालेला असतो. त्याने ६० हजार रुपये कापले आणि अर्जाला १५० दिवस उशीर केला, की ३० हजार रुपये शुल्क वैशालीहून चालत येते. व्याज वेगळे. आयुष्यात एकदा घर घेणाऱ्याला आपण सरकारचे करवसुली कारकून झालो आहोत, हे नोटीस येईपर्यंत माहीतही नसते.

सरकारचे स्वतःचे वेळापत्रक मात्र लवचिक. ७ जून २०२१ रोजी नवे संकेतस्थळ सुरू झाले आणि आल्या आल्या कोलमडले. अर्थमंत्र्यांनी इन्फोसिसच्या प्रमुखांना बोलावून जाब विचारला आणि व्यक्तींची मुदत त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत गेली. २०२५ मध्येही अर्जांचे नमुने आणि यंत्रणा वेळेत तयार नव्हती, म्हणून ३१ जुलैची मुदत सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लांबली. मुदत वाढली ते बरेच झाले. पण गावची वीज गेली म्हणून २०० रुपयांचे मीटर थांबत नाही.

मागणी अवास्तव नाही. पगारपत्रक किंवा फॉर्म १६ चढवला, की कर्मचाऱ्यावरची मागणी आपोआप गोठावी आणि प्रश्न मालकाकडे जावा. संगणकाला हे शिकवणे दिवसाला २०० रुपये मोजायला शिकवण्याइतकेच सोपे आहे. जिल्ह्याच्या आयकर सेवा केंद्रात दुरुस्तीचा अधिकार असलेला एक तरी अधिकारी हवा. सध्या तिथे तक्रार घेतली जाते आणि उत्तर पुन्हा संकेतस्थळाकडे बोट दाखवते.

यात घाई करण्याचे कारण आहे. टीडीएस विवरणपत्राच्या दुरुस्तीला पूर्वी मुदतच नव्हती. एप्रिल २०२५ पासून ती सहा वर्षे झाली आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यात ती दोनच वर्षांवर आली आहे. झालेली चूक शिक्षकाला बहुधा पुढच्या परताव्यातून पैसे कापले गेल्यावर कळते. तोवर दोन वर्षे उलटली, तर कार्यालयाने मनात आणले तरी दुरुस्ती करता येणार नाही. दुसऱ्याच्या पॅनवर पडलेला त्याचा कर मग कोणाचा, हे अर्थ मंत्रालयाने नियमांत लिहून द्यावे.