चालकाशी बोलू नये

एस. टी.च्या गाडीत चालकाच्या आसनाजवळ एक सूचना रंगवलेली असे : वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. भ्रमणध्वनी नावाची वस्तू कोणाच्या स्वप्नातही नव्हती, तेव्हापासूनची ही सूचना. ज्याने ती प्रथम लिहविली, त्याला एक मर्म उमगले होते. चालकाचे हात चाकावर आणि डोळे रस्त्यावर असले म्हणजे भागले असे नाही. मनही तेथेच असावे लागते.

आज गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्यास हटकले, की ठरलेला युक्तिवाद ऐकू येतो. वडापाव खाणे, गाणी बदलणे, मागे भांडणाऱ्या मुलांना दटावणे हे सारे चालते. मग फोननेच काय घोडे मारले? हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हे. अमेरिकेत व्हर्जिनिया परिसरात शंभर मोटारींमध्ये कॅमेरे बसवून सुमारे वर्षभर निरीक्षण करण्यात आले होते. 2006 साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा की, कारण कोणतेही असो, दोन सेकंदांहून अधिक काळ नजर रस्त्यावरून ढळली तर अपघाताचा धोका किमान दुप्पट होतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्या वेळात 33 मीटर पुढे जाते. नजर वडापावच्या पुडीवर होती की फोनच्या पडद्यावर, याच्याशी रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धेला कर्तव्य नसते.

तरीही फोन वेगळाच आहे. वडापाव चालकाच्या तंत्राने चालतो. समोर ट्रक आडवा आला की तो मांडीवर टाकून देता येतो आणि त्याबद्दल तो रुसत नाही. शेजारी बसलेला माणूस तर डोळ्यांची दुसरी जोडीच. खंबाटकी घाटातले वळण आले की तो बोलता बोलता आपोआप थांबतो, ‘अरे, समोर बघ’ म्हणून सावधही करतो. यूटा विद्यापीठातील संशोधकांनी 2008 साली नेमका हाच फरक तपासला. कृत्रिम रस्त्यावर गाडी चालवताना ठरलेल्या विश्रांतिस्थळी वळायचे होते. सहप्रवाशाशी गप्पा मारणारे बहुतेक चालक बरोबर वळले. फोनवर बोलणारे जवळपास निम्मे पुढे निघून गेले. फोनपलीकडच्या माणसाला ना घाट दिसतो, ना ट्रक. तो आपल्या लयीत बोलतो, उत्तराची वाट पाहतो, आणि चालकही शिष्टाचार म्हणून उत्तर देत राहतो.

आपल्या कायद्याने मात्र बोट ठेवले ते हातावर. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 अन्वये वाहन चालवताना हातातील संपर्कसाधन वापरणे हे धोकादायक वाहनचालन ठरते. पहिल्या गुन्ह्यास 1 ते 5 हजार रुपये दंड आहे, कारावासाचीही तरतूद आहे. ते योग्यच. पण यंत्र कानात अडकवले की आपण निर्दोष झालो, अशी समजूत त्यातून रूढ झाली. टोरांटोतील चालकांविषयी 1997 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला, आणि हात मोकळे ठेवूनही त्यात लाभ दिसला नाही. पुढे यावर संशोधकांत मतभेद झाले. खरा धोका नंबर शोधण्यात आणि संदेश वाचण्यात आहे, नुसत्या संभाषणात नव्हे, असे म्हणणारेही आहेत. तथापि, घाटात उतरताना पैशाच्या व्यवहारावरून वाद घालणाऱ्याचे लक्ष कुठे असते, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही.

या साऱ्यात पलीकडचा माणूस नामानिराळा राहतो. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. अपघातांच्या सरकारी अहवालात ‘मोबाइलचा वापर’ असा रकाना आहे. फोन कोणी केला होता, त्याला रकाना नाही. ‘कुठवर आलास?’ हे विचारणारी आई काळजीपोटी विचारते. तिला ‘पोहोचल्यावर बोलतो’ एवढे सांगता येते. मालवाहू ट्रकच्या चालकाला तीही सोय नाही. रात्रभर जागून चाललेल्या त्याने मालकाचा फोन तीनदा टाळला, तर पुढली फेरी दुसऱ्याला मिळते. गाडी रस्त्यावर आहे हे मालकाला पुरते ठाऊक असते, किंबहुना म्हणूनच तो फोन करतो. दंडाची पावती मात्र चालकाच्याच नावाने फाटते.