केंदाळ आणि कावीळ

गेल्या आठवड्यात एक आजी सात महिन्यांच्या गरोदर सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. सुनेचे डोळे पिवळे, अन्नावरची वासना गेलेली. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, नदीत केंदाळ माजलंय, त्यानंच ही कावीळ झाली बघा."

आजींचे निदान निम्मे बरोबर होते. केंदाळ, म्हणजे जलपर्णी, कावीळ करत नाही. पण दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या तरंगत्या वनस्पतीला नत्र आणि स्फुरद लागते. सांडपाण्यातून ते भरपूर मिळाले की उन्हाळ्यात ती दोन-तीन आठवड्यांत दुप्पट होते. म्हणून पंचगंगेवर हिरवा गालिचा पसरला की समजावे, नदीत मैला उतरतो आहे. काविळीचे 'अ' आणि 'ई' विषाणू पसरतात तेही मैल्यातूनच. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली होती, हे आपण विसरलो काय?

आपण दरवर्षी बंधाऱ्याला अडकलेले केंदाळ यंत्राने उपसतो. उरलेले पुरात नृसिंहवाडीकडे, कृष्णेत वाहून जाते आणि नदी स्वच्छ झाली असे वाटते. पण त्याचे बी चिखलात वर्षानुवर्षे टिकते. तणनाशक फवारले तर केंदाळ कुजते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. केंदाळ काढू नये असे मी म्हणत नाही. त्याखालच्या संथ पाण्यात डासांना आसरा मिळतो. पण मैला न थांबवता ते काढणे म्हणजे टायफॉईडच्या रोग्याला नुसती तापाची गोळी देणे.

तोवर प्रत्येकाने पाणी उकळून, गार करून प्यावे. तुरटीने गाळ खाली बसतो, विषाणू मरत नाहीत. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत 'ई' कावीळ आईच्या आणि बाळाच्याही जिवावर बेतू शकते. डोळे पिवळे, लघवी गडद दिसली, तर उतारा, झाडपाला यांत दिवस घालवू नका. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.

आजींच्या सुनेला मी लगेच पुढे पाठवले. ती आता सुधारते आहे. दरवेळी वेळ अशी साधेलच असे नाही. म्हणून वाचकहो, केंदाळ कधी काढणार एवढेच आपल्या नगरसेवकाला विचारू नका. गावाचा मैला नदीत जायचा कधी थांबणार, तेही विचारा.