अकरावीचे विषय आणि गुणांचा हिशेब

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील घराघरांतून एक नवे अंकगणित सुरू होते. कोणत्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश मिळेल, हा त्याचा पहिला भाग. २०२५ पासून ही प्रक्रिया साऱ्या राज्यासाठी ऑनलाइन व केंद्रीभूत झाल्यामुळे तिची चर्चा तरी भरपूर होते. दुसरा भाग मात्र महाविद्यालयाच्या कार्यालयातील खिडकीपाशी पाच-दहा मिनिटांत उरकला जातो. तो म्हणजे विषयांची निवड. मराठी घ्यावयाचे की माहिती तंत्रज्ञान, जीवशास्त्र ठेवावयाचे की गणित, की दोन्ही, हे प्रश्न मुलाच्या आवडीनिवडीकडे पाहून क्वचितच सोडविले जातात. ‘स्कोअरिंग’ विषय कोणता, एवढीच चौकशी होते आणि त्यानुसार अर्जावर खुणा पडतात.

ही चौकशी एके काळी अगदीच निराधार होती, असे म्हणता येणार नाही. १९७५ च्या सुमारास १०+२+३ हा आकृतिबंध आल्यानंतर बरीच वर्षे अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशांचे भवितव्य बारावीच्या गुणांवर अवलंबून असे आणि एखाद्या गुणानेही जागा हुकत असे. आज स्थिती काय आहे? २०१६ पासून वैद्यकीय प्रवेश ‘नीट’च्या क्रमांकावर होतात. बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गास ५० टक्के असले म्हणजे झाले. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी सामाईक प्रवेश परीक्षेतील पर्सेंटाइल निर्णायक असते. बारावीला संबंधित तीन विषयांत खुल्या प्रवर्गास ४५ टक्के पुरतात. भाषेच्या गुणांना या दोन्ही हिशेबांत स्थान नाही. आयआयटी व एनआयटीसाठी ७५ टक्क्यांची अट आहे खरी. पण तेथे पोहोचण्याची कुवत असलेल्या मुलाला ती पार करण्यासाठी फ्रेंच किंवा जर्मनचा टेकू लागतो, असे कोणी गांभीर्याने म्हणेल काय? म्हणजे ज्या गुणांसाठी एवढा आटापिटा चालतो, ते गुण प्रवेशाच्या दारात कोणी विचारीतही नाही. कारण नाहीसे झाले तरी सवय तेवढी शिल्लक राहिली आहे.

या सवयीची पहिली किंमत मराठीने मोजली. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत पहिली ते दहावी मराठी अनिवार्य झाले. अकरावीच्या उंबरठ्यावर ही अनिवार्यता संपते. इंग्रजी सक्तीचे राहते आणि दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेण्याची मुभा मिळते. द्विलक्ष्यी अभ्यासक्रमात तर २०० गुणांचा एक व्यावसायिक विषय घेतला की दुसरी भाषाही जाते व एक वैकल्पिक विषयही. पीकशास्त्र, मत्स्यविज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स हे विषय हाताला काम शिकविण्याच्या उत्तम हेतूने योजिले गेले. प्रात्यक्षिकाचे गुण हमखास मिळतात म्हणून पीकशास्त्र घेणाऱ्या शहरी मुलाने भाताचे खाचर पाहिलेले असतेच, असे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचे सोहळे झाले. विज्ञान शाखेच्या मराठीच्या तासाला किती मुले बसतात, हे पाहावयास मात्र कोणी गेले नाही.

याहून गंभीर प्रश्न गणित सोडण्याचा आहे. ‘डॉक्टरच व्हायचे आहे, मग गणिताचे ओझे कशाला?’ असा युक्तिवाद सोळाव्या वर्षी पटण्याजोगा वाटतो. परंतु नीटला बसणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना वैद्यकीय जागा मिळत नाही, हे उघड गुपित आहे. त्या दिवशी गणित सोडलेल्या मुलापुढे काय उरते? अभियांत्रिकी व वास्तुशास्त्र गेलेले असते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीसाठी बारावीचे गणित लागते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत नौदल वा हवाई दलासाठी जावयाचे, तर तेथेही गणितावाचून अर्ज करता येत नाही. २०२२ पासून मुलींनाही तेथे प्रवेश मिळू लागला, त्यांनाही ही अट आहेच. उलट बाजूची कोंडी थोडी सैल झाली आहे. बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांना नीटला बसू देण्याचा निर्णय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये घेतला. तरीही विषय सोडताना कोणती दारे बंद होतात, हे खिडकीपलीकडचा लिपिक सांगत नाही आणि ते त्याचे कामही नव्हे.

यात पालकांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. जागा थोड्या, खासगी महाविद्यालयांचे शुल्क न परवडणारे आणि शेतीवर विसंबलेल्या घरात चूक सुधारण्यासाठी एक वर्ष वाया घालविण्याची ऐपत नाही. असा बाप हमखास गुणांचा मार्ग धरील, यात नवल ते काय? त्यातच शिकवणी वर्गांशी संधान बांधलेल्या ‘इंटिग्रेटेड’ महाविद्यालयांत प्रवेश परीक्षेस लागतील तेवढेच विषय मनापासून शिकविले जातात; इतर विषय कागदावर असतात.

परंतु शेकडो घरांतील असे शहाणे हिशेब एकत्र आले की त्यांचा परिणाम शहाणा राहत नाही. विद्यार्थिसंख्या घटली की कार्यभार घटतो, कार्यभार घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि तो गेला की विषयच बंद पडतो. तर्कशास्त्र, भूगोल, पाली, अर्धमागधी यांच्यावर अशीच संक्रांत येते. शहरातील मुलाला पलीकडच्या रस्त्यावर दुसरे महाविद्यालय असते. तालुक्याच्या गावी एकच असेल, तर तेथील मुलीला भूगोल आवडतो की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांमधील भिंती पाडून हवे ते विषय एकत्र घेण्याचे स्वातंत्र्य देऊ केले आहे. ज्या गावात त्या विषयाचे पदच उरलेले नाही, तेथे हे स्वातंत्र्य कशाशी खावयाचे?

शासनाला निदान दोन गोष्टी तातडीने करता येतील. अकरावीच्या अर्जासोबत, कोणता विषय सोडल्यास कोणते अभ्यासक्रम बंद होतात याचा तक्ता मराठीत छापून प्रत्येक दहावीच्या वर्गात निकालापूर्वीच पोहोचवावा. आणि जेथे विषयाला दहा-बाराच मुले आहेत, तेथे पद रद्द करण्याऐवजी शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून तो शिक्षक ठेवावा. त्याच्या वेतनाचा भार शासनाने उचलावा.