कॉइलला जागा द्या, मार्कही द्या!

प्रोजेक्टच्या दिवसांत होस्टेलवर एक डायलॉग हमखास ऐकू येतो: "सर्किट बरोबर आहे रे, आयसीच डुप्लिकेट निघाला!" आयसी बिचारा गप्प. खरा गुन्हेगार पुष्कळदा शेजारीच बसलेला असतो, उघड्या कोअरची कॉइल!

आपला नेहमीचा एलएम २५७६ हा ५२ किलोहर्ट्झवर स्विच होतो. त्याच तालावर कॉइलचं फील्ड बाहेर सांडतं, फीडबॅकच्या ट्रॅकमध्ये घुसतं आणि आउटपुट नाचायला लागतं. डेटाशीटमध्ये हा इशारा दिलेला आहे, पण तेवढं वाचतो कोण? वरून किचनमधली फॉइल गुंडाळायचा जुगाड इथे फारसा चालत नाही.

उपाय साधे आहेत. टोरॉइड किंवा शील्डेड कॉइल घ्या. दोन कॉइल असतील तर काटकोनात बसवा. फीडबॅकचा ट्रॅक लांबून न्या; दुप्पट अंतरावर फील्ड साधारण एक-अष्टमांशच उरतं.

पण व्हायव्हात फॉर्म्युले विचारले जातात, बोर्डवर काय कुठे ठेवलंय हे कुणी बघत नाही. म्हणून सरांना विनंती, प्रोजेक्टमध्ये लेआउटलाही मार्क ठेवा. आणि मित्रांनो, बोर्ड छोटा करायची शर्यत लावण्याआधी कॉइलला तिची जागा द्या. वाचलेले आयसीचे पैसे कॅन्टीनमध्ये कामी येतील!