लोकांच्या हातांचे लेणे

न्यूयॉर्क शहरात, हडसन नदीकाठच्या रिव्हरसाइड उद्यानालगत, १८९७ साली लोकार्पण झालेली अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जनरल ग्रँट यांची धीरगंभीर पाषाणसमाधी जेथे उभी आहे, तेथेच तिच्याभोवती नागमोडी वळणे घेत गेलेली, फरश्यांच्या असंख्य तुकड्यांनी मढवलेली रंगीबेरंगी आसने पाहणाऱ्याचे चित्त वेधून घेतात. चिलीत जन्मलेले कलावंत पेद्रो सिल्वा यांच्या मार्गदर्शनाखाली, आसपासच्या वस्तीतील आबालवृद्धांनी १९७२ ते १९७४ या काळात ती स्वहस्ते घडवली. बार्सिलोनाच्या ग्वेल उद्यानातील वास्तुविशारद गौदींच्या कलाकृतीची प्रेरणा त्यांमागे होती.

पुढे १९९० च्या दशकात समाधीच्या जीर्णोद्धाराचा प्रश्न निघाला, तेव्हा त्या गंभीर वास्तूच्या सान्निध्यात ही उत्फुल्ल आसने शोभत नाहीत, सबब ती हलवावीत, असा विचार बळावला. परंतु वस्तीच्या रहिवाशांनी त्यास निग्रहाने विरोध केला आणि आसने जागीच राहिली. २००८ साली त्यांची दुरुस्तीही झाली.

या आसनांच्या कथेतून एक गोष्ट ध्यानी येते. सार्वजनिक उद्यानातील कलाकृतीस सरकारदप्तरी मंजुरी मिळते, खर्चाची तरतूद होते, निगराणीस माणसेही नेमली जातात. तथापि ज्या भिंतीवर वा आसनावर आपल्या मुलाने एखादा तुकडा बसवला आहे, त्याच्याविषयी नागरिकाच्या मनात उपजणारे ममत्व कोणत्याही हुकमाने निर्माण होत नाही. म्हणून उद्यानांचा कारभार पाहणाऱ्यांना आमची आग्रहाची विनंती आहे, की कलावंताची निवड करतानाच त्याच्या शेजारी लोकांनाही काम करण्यास जागा द्यावी. सार्वजनिक सौंदर्याचे खरे रक्षण तेच करतील.