बिलात न दिसणारी किंमत

दक्षिण बंगळुरूतील जे. पी. नगराला जयप्रकाश नारायण यांचे नाव आहे. १९५४ मध्ये सर्वोदयासाठी जीवनदानाची घोषणा करणाऱ्या या नेत्याच्या नावाच्या वसाहतीत आज दहा मिनिटांत किराणा पोहोचवणाऱ्या दुचाकी अहोरात्र धावत असतात. हा विरोधाभास गमतीचा आहे खरा. पण या सोयीची पूर्ण किंमत कोण चुकवतो, हा प्रश्न अधिक गंभीर आहे.

दारात आलेल्या वस्तूचे वेष्टन काही मिनिटांत कचऱ्याच्या डब्यात जाते. तो डबा पुढे कुठे रिकामा होतो, याचे उत्तर शहराबाहेरच्या गावांकडे आहे. २०१२ मध्ये मावळ्ळीपुऱ्याची कचराभूमी ग्रामस्थांच्या विरोधामुळे बंद झाली आणि मंडूरवरचा भार वाढला. दुर्गंधी, माश्या आणि दूषित विहिरींना कंटाळून २०१४ मध्ये मंडूरचे लोकही रस्त्यावर उतरले. त्या डिसेंबरपासून तेथे कचरा टाकणे थांबले. कचरा मात्र थांबला नाही. तो जुन्या दगडखाणींकडे वळवण्यात आला. उरुळी देवाची आणि फुरसुंगीचा इतिहास ठाऊक असलेल्या पुणेकरांना ही कहाणी नवी वाटणार नाही.

पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने घरोघरी वर्गीकरण सक्तीचे झाले. एप्रिल २०२५ पासून मालमत्ता करासोबत कचरा शुल्कही घेतले जाते. घराच्या बांधकाम-क्षेत्रानुसार ते दरमहा १० ते ४०० रुपये आहे. कचऱ्यासाठी पैसे मोजावे लागणे रास्तच. पण शुल्क कचऱ्याच्या वजनावर नव्हे, चौरस फुटांवर ठरते. परिणामी ओला कचरा घरीच जिरवणारे कुटुंब आणि रोज चार खोकी फेकणारा त्याचा शेजारी, दोघेही सारखेच पैसे भरतात. शिवाय ते खोके बाजारात आणणाऱ्या कंपनीला या हिशेबात स्थानच नाही. उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे नियम केंद्राने केले आहेत. मात्र त्यांचा भर प्लॅस्टिकवर आहे, आणि मंडूरसारख्या गावाच्या झालेल्या हानीची भरपाई त्यांत बसत नाही.

पाण्याची गोष्ट याहून वेगळी नाही. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, तीनशे मीटरहून अधिक उंच चढवून शहरात आणले जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात शासनाच्याच माहितीनुसार सुमारे १३,९०० कूपनलिकांपैकी ६,९०० कोरड्या पडल्या, आणि पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यास पाच हजार रुपये दंड ठरला. त्या काळात टँकरवाल्याला दिलेला प्रत्येक रुपया, नव्याने खोदलेली प्रत्येक कूपनलिका राष्ट्रीय उत्पन्नात मिळवली गेली. आटलेला भूजलसाठा त्यातून वजा करण्याची सोय आपल्या विकासदराच्या आकड्यात नाही. म्हणूनच अर्थमंत्री उपभोग वाढवण्यासाठी करसवलती देतात तेव्हा त्या निर्णयाचा लाभ लगेच मोजता येतो आणि तोटा मात्र कुठल्याशा ग्रामपंचायतीच्या दप्तरात तक्रार म्हणून पडून राहतो.

वजनानुसार शुल्क आणि वेष्टनावर उत्पादकाकडून आगाऊ वसुली, या दोन्ही गोष्टी प्रशासकीयदृष्ट्या कठीण आहेत. तरीही सुरुवात मोठ्या गृहसंकुलांपासून करता येईल, कारण त्यांचा कचरा एकाच फाटकातून बाहेर पडतो आणि तेथे वजनकाटा बसवणे अवघड नाही. त्या वसुलीतला ठरावीक हिस्सा कचरा झेलणाऱ्या गावाच्या पाणीपुरवठ्याला कायद्याने बांधून द्यायला हवा.